शनिवारच्या चिंध्या

पडदा वर जातो. पण आज तुम्हाला मी खुर्चीत बसवणार नाही. माझ्यामागून विंगेत या. जरा सांभाळून, इथे अंधार असतो, आणि डाव्या हाताला रंगाचा डबा ठेवलेला आहे. कंपनीत आलेल्या प्रत्येक नव्या माणसाने त्यात एकदा तरी पाय घातला आहे. मीही घातला होता.

सकाळचे दहा. रंगमंच रिकामा. उजव्या भिंतीवर कमरेइतक्या उंचीला लाकडी खुंट्यांची रांग, मोजून बावीस. प्रत्येक खुंटीला एक दोर. तो वर माळ्यावरच्या कप्पीत जातो आणि तिथून एखाद्या रंगवलेल्या पडद्याच्या दांड्याचं एक टोक धरून ठेवतो. राजवाडा, बाग, तुरुंग, समुद्र. प्रेक्षकांना ही जगं वाटायची. आम्हा नटांच्या दृष्टीने ती डोक्यावर टांगलेली ओझी होती.

त्या खुंट्यांपुढे पाठमोरा उभा असलेला, मान बगळ्यासारखी पुढे काढलेला उंच माणूस म्हणजे आमचे दोरकाका. तीस वर्षं त्यांनी पडदे वर नेले आणि खाली आणले. नाटक कधी समोरून पाहिलं नाही. "मी सगळी नाटकं वरून पाहिली," म्हणायचे. "नायकाचं प्रेम किती खरं ते मला ठाऊक नाही, पण त्याचे केस किती खरे आहेत ते पक्कं ठाऊक आहे."

काकांचा एक नेम होता. प्रयोगाच्या दिवशी सुतार, रंगारी, दिवेवाले, सगळ्यांचे हात रंगमंचावरून निघाले की ते एकेक दोर ओढून पाहायचे, गाठ चाचपायचे आणि पाहिलेल्या दोराला लाल चिंधी बांधायचे. चिंधी बांधली की त्या दोराला त्यांच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. चिंधी नसेल तर त्याखालून कुणी जायचं नाही. प्रयोग संपला की चिंध्या सोडून डब्यात टाकायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. बावीस दोरांना सव्वा तास लागायचा.

"काका, कालच तर पाहिलेत," कुणीतरी टवाळकी करायचं. "एका दिवसात दोराला पाय फुटतात का?"

"दोराला नाही रे फुटत. पण तुम्हाला आधीपासून आहेत ना, आणि वर हातही आहेत."

काका ख्रिस्ती होते. खिशात मेणकापडात गुंडाळलेलं छोटं शुभवर्तमानाचं पुस्तक असायचं. हाताला सतत दोराचं मेण, म्हणून ते कापड. कुणाला उपदेश करायला गेले नाहीत. फक्त शिवी ऐकली की दोर ओढता ओढता थांबायचे आणि शिवी देणाऱ्याकडे असे बघायचे, की तो पुढचा शब्द गिळायचा. मालक म्हणायचे, "देवाच्या आज्ञेत राहणारा आपल्याकडे हा एकच. बाकीच्यांना मी आज्ञा देतो, तरी ऐकत नाहीत."

नोकरीबरोबर त्यांना जिन्याखालची खोली मिळाली होती. नोकरी आहे तोवर खोली. त्या तिरक्या छताखाली काकूंनी असा संसार मांडला होता, की एक वाटी हलवायची तर तीन पातेली उचलावी लागत. मी तेव्हा पंचविशीची, घरच्यांशी भांडून नाटकात आलेली. प्रयोगाआधी मी त्याच खोलीत चहा घ्यायचे. काका मला पोरी म्हणायचे. वडिलांनी टाकलेला तो शब्द त्यांनी उचलून मला परत दिला होता. हे आधीच सांगते, कारण पुढे मी जे केलं त्याचं मूळ त्यात आहे. त्याला सबब म्हणू नका.

एका वर्षी चर्चच्या मंडळीने काकांना वडील म्हणून निवडलं. वडील म्हणजे मंडळीचा कारभार पाहणारा, पुढच्या बाकावर बसणारा, प्रभुभोजनाच्या वेळी भाकरीचं ताट लोकांपुढे नेणारा. काकांना केवढा आनंद! जिन्याखाली राहणाऱ्या माणसाला कुणी पुढच्या बाकावर बोलावलं होतं. रविवारी सकाळी उपासनेत त्यांच्यासाठी प्रार्थना व्हायची होती आणि नंतर सगळ्या मंडळीचं जेवण. काकांकडे धड कोट नव्हता. त्यांनी आमच्या कपडेवाल्याकडून तिसऱ्या अंकातला वकिलाचा कोट मागून घेतला.

"पहिल्या दोन अंकांत लागत नाही ना?" त्यांनी तीनदा विचारलं.

अडचण एकच होती. रविवारी दुपारी तीनला प्रयोग. चर्च गावाच्या दुसऱ्या टोकाला. जेवण आटोपून परत येणं आणि वर सव्वा तास दोर तपासणं जमणार नव्हतं. काकांना जेवण सोडता आलं असतं. मालकांना सांगून प्रयोग अर्धा तास पुढे ढकलता आला असता. त्यांनी तिसरंच केलं. शनिवारचा प्रयोग संपल्यावर चिंध्या सोडल्याच नाहीत. गाठी आज पाहिलेल्या आहेत, रविवारी सकाळी थिएटरात कुणी नसतं, तशाच राहू द्या, असं त्यांनी मनाशी म्हटलं. तीस वर्षांत पहिल्यांदा.

पण रविवारी सकाळी मिस्त्री आला. मिस्त्री म्हणजे आमचा सुतार, काकांपेक्षा वीस वर्षांनी लहान, तोंडाचा फटकळ आणि हाताचा सरळ. तुरुंगाच्या दाराची बिजागरी निखळली होती, ती बसवायला आला. दाराची जड चौकट उचलून धरायला त्याला दोर हवा होता. त्याने समुद्राच्या पडद्याचा एका टोकाचा दोर सोडला. चिंधी दिसली, पण तीनच्या प्रयोगाची चिंधी सकाळी नवाला असते का? काका काल सोडायला विसरले, म्हातारं माणूस, असं त्याला वाटलं. काम झाल्यावर त्याने दोराला खुंटीवर नुसता एक वेढा दिला. पक्की गाठ काका मारणारच होते, रोज मारायचे. आणि चिंधी हरवू नये म्हणून बिचाऱ्याने ती होती तशी परत बांधली.

पावणेतीनला मी मागच्या दारात संवाद घोकत उभी होते. काका धावत आले. अंगात वकिलाचा कोट, कपाळावर घाम, चेहरा लग्नातल्या नवरदेवासारखा.

"देवाने लाज राखली पोरी," म्हणाले. "वेळेत पोचलो."

मी हसले. कोट परत द्यायला ते कपडेवाल्याकडे गेले. पंधरा मिनिटांत बावीस दोर कसे पाहून होतील, हा विचार माझ्या मनात आला. खोटं कशाला बोलू, आला. पण घंटा झाली आणि मी तो झटकून टाकला.

दुसऱ्या अंकात मी समुद्राकडे पाठ करून उभी असताना तो समुद्र एका बाजूने खाली आला. दांड्याचं टोक माझ्या खांद्यावर बसलं आणि गळ्याखालचं हाड मोडलं. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. वादळाचा देखावा त्यांना फार खरा वाटला. आयुष्यात मला मिळालेल्या त्या सगळ्यात मोठ्या टाळ्या, आणि त्या घ्यायला मी शुद्धीवर नव्हते.

चौथ्या दिवशी मालकांनी सगळ्यांना रंगमंचावर बोलावलं. मी हात गळ्यात बांधून खुर्चीत बसले होते.

"दोर मी सोडला होता," मिस्त्री आपणहून म्हणाला. "सकाळी नवाला. पण तेव्हा चिंधी कालची होती. काका नंतर तपासणार होते."

मालक काकांकडे वळले. "काका, रविवारी दोर तपासलेत?"

काका खुंट्यांकडे बघत होते. जिन्याखालच्या खोलीचं दार तिथून दिसायचं. दारात काकू उभ्या होत्या.

"तपासले," काका म्हणाले.

"समुद्राचाही?"

"सगळे."

"म्हणजे काकांनी तपासल्यावर तू चिंधीच्या दोराला हात लावलास," मालक मिस्त्रीला म्हणाले.

"अहो, नाही! मी दहाला घरी गेलो होतो. हे आलेच कधी?" मिस्त्री गर्रकन माझ्याकडे फिरला. "ताई, प्रयोगाआधी तुम्ही मागच्या दारात संवाद घोकत असता. तुम्ही सांगा. काका किती वाजता आले?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. काका सोडून सगळे.

"माझं लक्ष नव्हतं," मी म्हणाले.

इतका स्वच्छ, इतका सहज संवाद मी रंगमंचावर कधी म्हटला नव्हता.  मिस्त्रीने करवत, रंधा, पटाशी एकेक करून पिशवीत घातली आणि गेला. पुढे दुसऱ्या कुठल्या कंपनीने त्याला उभं केलं नाही. नटीच्या अंगावर पडदा पाडणारा सुतार, हे नाव त्याच्याआधी प्रत्येक दारात जाऊन बसलेलं असायचं.

काकांची नोकरी वाचली, खोली वाचली. पण माणूस पार बदलला. दोर एकदा तपासायचे ते तीनदा तपासायला लागले. खोलीबाहेर पाऊल वाजलं की दचकायचे. कुणी टवाळकी केली तर उत्तर देईनात. "चहाला ये" हे त्यांनी मला म्हणायचं सोडलं आणि मीही जायचं सोडलं. विंगेत समोरासमोर आलो, की एका चोराने दुसऱ्या चोराला वाट द्यावी तशी आम्ही एकमेकांना वाट द्यायचो.

पुढचं मला काकूंनी बऱ्याच दिवसांनी सांगितलं. पहिल्या महिन्यात प्रभुभोजनाच्या वेळी काकांनी ताट सगळ्यांपुढे नेलं, स्वतः भाकरी घेतली नाही; मनात पाप लपवून ती घ्यायची नसते. काकूंनी पाहिलं, विचारलं नाही. दुसऱ्या महिन्यात चर्चच्या पाळकांनी वाचायला घेतलं ते प्रभूचं नेमकं ते वचन. तू वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि तिथे तुला आठवलं, की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर. काकांच्या हातात ताट होतं. त्यांनी ते मेजावर ठेवलं, सगळ्या मंडळीदेखत मधल्या वाटेने चालत दारापर्यंत गेले आणि बाहेर पडले. लोकांना वाटलं, पोटात दुखत असेल.

ते थेट मिस्त्रीच्या घरी गेले. मिस्त्री अंगणात फळांची खोकी ठोकत बसला होता. नाटकातले राजवाडे उभारणारा हात आता खोकी ठोकत होता. काकांनी सगळं सांगितलं. कोटासकट.

मिस्त्रीने तोंडातले खिळे काढले. "मला कशाला सांगता? मला ठाऊकच आहे. जिथे खोटं बोललात तिथे जाऊन सांगा."

"सांगतो."

"खोली जाईल."

"जाईल," काका म्हणाले.

"मग जा," म्हणून मिस्त्रीने पुन्हा खिळे तोंडात धरले.

घरी येऊन काकांनी काकूंना सांगितलं. काकू तिथेच खाली बसल्या. मग म्हणाल्या, "आणि राहायचं कुठे?"

"माहीत नाही."

"म्हातारपणी बायकोला घर सोडायला लावताय, आणि कुठे ते माहीत नाही!"

"सांगणाऱ्याने एवढंच सांगितलंय. आधी जा म्हणून. पुढचं नाही सांगितलं."

काकू उठल्या आणि फळीवरची पातेली उतरवायला लागल्या. "आता कशाला ती?" काकांनी विचारलं.

"आधीच बांधते. संसार बांधून ठेवलेला दिसला म्हणजे तुम्हाला वाटेतून परत फिरता येणार नाही. मी ओळखते तुम्हाला."

सोमवारी तालमीच्या आधी काका रंगमंचाच्या मधोमध येऊन उभे राहिले. तीस वर्षांत तिथे ते कधी उभे राहिले नव्हते. उजेडात कसं उभं राहावं हेही त्यांना कळत नव्हतं. हात कुठे ठेवावेत ते कळेना, म्हणून त्यांनी ते पाठीमागे बांधले.

"रविवारी मी दोर पाहिले नव्हते," ते म्हणाले. "शनिवारच्या चिंध्या मी सोडल्याच नाहीत. मिस्त्री खरं बोलत होता. मी खोटं बोललो."

"कशासाठी काका?" मालकांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "तुम्ही, आणि असं?"

"देवाच्या कामासाठी, असं मी स्वतःला सांगत होतो. पण देवाने मला दोर पाहू नकोस असं कुठे सांगितलं होतं? त्याने सांगितलेलं काम इथे होतं. मला पुढच्या बाकावर बसायचं होतं. जेवणाच्या पंगतीत लोकांनी बघावं असं वाटत होतं. आणि नंतर खोली जाईल म्हणून भ्यालो." ते माझ्याकडे वळले, पण नजर माझ्या पायांवर. "पोरी, तुझं हाड मी मोडलं."

एवढंच. मी त्यांना पावणेतीनला पाहिलं होतं, त्याबद्दल एक अक्षर नाही. माझं नाव त्यांनी आपल्या पापाच्या पदराखाली झाकून घेतलं. आणि मी? शेवटच्या रांगेतल्या बहिऱ्याला ऐकू जाईल असा माझा आवाज, असं लोक म्हणायचे. त्या सकाळी तो माझ्या घशापलीकडे आला नाही. तोंड उघडलं होतं, हे मला आठवतं. मग मिटलं.

मालकांनी त्यांना काढलं. काढावंच लागलं. मिस्त्रीला बोलावणं गेलं, तो परत आला. रोज दिसायचा, मला "ताई" म्हणायचा, लागेल ती खुर्ची दुरुस्त करून द्यायचा. मी त्याच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारायचे. रोज वाटायचं, आज सांगू. मग वाटायचं, काकांनी सगळं स्वतःवर घेतलंय, आता उकरून काय मिळणार? असं करत वर्ष गेलं.

वर्षाने मी काकांना शोधत गेले. ते एका वखारीत मालावर ताडपत्र्या बांधायचं काम करत होते. मागेच पत्र्याची खोली, एका बाजूला भिंत होती की नुसतं तिचं आश्वासन होतं, सांगता येत नाही. मला वाटलं होतं, मोडलेला माणूस बघायला लागेल. रडायची तयारी करून गेले होते. दार ढकललं तर काका भर दुपारी चटईवर आडवे, तोंड उघडं, आणि घोरणं असं, की पत्रा थरथरावा.

"उठवू नकोस," काकू हळूच म्हणाल्या. "तिथे पक्क्या भिंतींत पुढे पुढे यांचा डोळा लागायचा नाही. इथे वारा आला की छप्पर वाजतं, आणि हे असे झोपतात. मला भीती वाटते अजून. यांना नाही. म्हणतात, सांगितलेलं केलं, आता राखणं त्याच्याकडे."

"चर्चला जातात?"

"जातात ना. शेवटच्या बाकावर. वडीलपण स्वतःहून सोडलं. लोक अजून कुजबुजतात. लाज वाटते त्यांना, नाही असं नाही. पण ताट आलं की घेतात."

"मिस्त्री?"

"एकदाच आला. हे दार घासत होतं, त्याने रंधा मारून नीट केलं. पाणीसुद्धा न घेता गेला. माफ केलं म्हणाला नाही, नाही केलं असंही म्हणाला नाही."

काका जागे झाले, मला बघून उठून बसले आणि पहिल्यासारखे हसले. त्या हसण्याने माझा बांध फुटला. मी सगळं सांगितलं. पावणेतीन, वकिलाचा कोट, माझं लक्ष नव्हतं हे वाक्य. "तुमच्यासाठी गप्प बसले मी," म्हणाले. आणि म्हणताना कळलं, की हेही अर्धंच खरं आहे. पहिल्यांदा त्यांच्यासाठी गप्प होते. नंतर वर्षभर स्वतःसाठी.

काका ऐकत होते. माझ्या डोक्यावर हात ठेवतील, झालं गेलं विसर म्हणतील, असं मला वाटत होतं. खरं तर त्यासाठीच मी गेले होते. काकूंनी चहा ओतला होता.

"मिस्त्रीला सांगितलंस?" काकांनी विचारलं.

"नाही."

त्यांनी माझ्यापुढचा कप उचलला आणि त्यावर बशी झाकली.

तो चहा मी कधी प्यायले नाही. त्या दुपारी मी गेले, मिस्त्रीला गाठलं, तो जे बोलला ते माझ्या जन्माला पुरलं. दुसऱ्याच दिवशी कंपनी दौऱ्यावर निघाली, आणि दोन महिन्यांनी मी परत आले तोवर काका तापात गेले होते. माणूस गेल्यावर लोक त्याचे शेवटचे शब्द जरा सजवून सांगतात. मी नटी, मला ते सहज जमलं असतं. पण या माणसाबाबत एकदा खोटं बोलून झालं आहे. बशी झाकून ते मला म्हणाले ते असं:

"मिस्त्री पाचला सुटतो. आत्ता निघालीस तर सापडेल. ऊठ पोरी, परत आलीस की चहा घे."